मिटल्या डोळ्यांची मंडळी

कार्तिकातले ऊन थकलेले असते. वैशाखातल्यासारखे ते जाळत नाही, भाद्रपदातल्यासारखे चिडत नाही. दिवसभर प्रवरेच्या काठाने हिंडते. कापल्या बाजरीच्या सडांवर, उसाच्या रुपेरी तुऱ्यांवर, बाभळींच्या पिवळ्या फुलांवर थोडे थोडे सांडते. आणि संध्याकाळी बेलखडीच्या ख्रिस्ती वस्तीत, काळ्या दगडांच्या ख्रिस्तमंदिराच्या पायरीशी येऊन टेकते. तिथून पुढे जायचे त्याला त्राण नसते.

मग सांज होते. धूसर, धुरकट, गोवऱ्यांच्या वासाची सांज. आणि वस्तीची जीभ बदलते.

दिवसभर ही जीभ मातीत लोळलेली असते. शेळीला हाक, नळावर भांडण, पोराला दम, उधळल्या बैलाला शिवी. पण दिवेलागणीला बाईचा पदर डोक्यावर येतो, बाप्याची टोपी हातात येते, डोळे मिटतात. आणि त्याच जिभेवरून दुसरेच पाणी वाहू लागते. गंभीर, निर्मळ, संथगामी. परमदयाळू. परमपवित्र. करुणासागर. अपात्र लेकरे. चरणांशी लीन. रिबकाबाई कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करता करता मध्येच थांबते, पदर सावरते आणि म्हणते, हे कृपावंत स्वर्गीय पित्या. कोंबडीसुद्धा चकित होऊन पाहत राहते.

अंगणात चपला काढून घरात जावे, तशी ही माणसे रोजचे शब्द उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात. हे त्यांना कुणी शिकवले नाही. आईच्या मांडीवर, अर्धवट झोपेत, ते कानांत पडले आणि राहिले. देवाशी बोलायचे तर आवाज खाली न्यायचा, वाक्य लांबवायचे, शेवटच्या शब्दाला थोडा कंप द्यायचा. देव काही बहिरा नाही, पण तो पाहुणा आहे; आणि पाहुण्यासमोर घरातली चांगली भांडी काढायची असतात.

बेलखडीत ही चांगली भांडी सगळ्यांत जास्त ज्याच्यापाशी होती, तो माणूस आता खाटेवर पडून होता.

रेव्हरंड शांतवन ओहोळ. वस्तीचे पाळकसाहेब. पाळकपणातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, मंदिरात साळवे नावाचे तरुण पाळक आले, तरी पाळकसाहेब म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ओहोळच उभे राहत. उंच, सावळे, शुभ्र कोटातले. आणि तो आवाज. मेघमंद्र, स्निग्धगंभीर, अथांग डोहासारखा आवाज. ते प्रार्थना करू लागले की रडणारे मूल गप्प होई आणि गप्प बसलेली म्हातारी रडू लागे. त्यांच्या तोंडून एखादे दुःख देवापुढे मांडले गेले, की ते दुःख आपले असूनही आपल्याला नवे वाटे, अंगापिंडाने मोठे वाटे, दागिने घातल्यासारखे वाटे.

पण घरी? घरी पाळकसाहेब म्हणजे दोनचार शब्दांचा माणूस. "चहा." "चष्मा." "ऐकलं का, दार लाव." सगळी श्रीमंती ते देवापुढे उधळून येत आणि घरी चिल्लर आणत. त्यांची बायको सालोमी, वस्तीची पाळकीणबाई, त्या चिल्लरीवर संसार करीत राहिली. तक्रार कुणाजवळ करणार? ज्याच्याजवळ करायची, त्याच्याशी हेच गृहस्थ रोज एवढे गोड बोलत होते.

फक्त एक होते. रात्रीच्या जेवणाआधी घरात प्रार्थना होई. कंदील, पुढे वीज आल्यावर पिवळा दिवा, खाली चटई, चटईवर ती दोघे. पाळकसाहेब राज्यकर्त्यांसाठी मागत, पावसासाठी मागत, विधवांसाठी, आजाऱ्यांसाठी, दूर दिलेल्या लेकीसाठी मागत. आणि सर्वांत शेवटी, आवाज आणखी एक पायरी खाली उतरवून, म्हणत: आणि हे पित्या, तू दिलेली सहचारिणी, तिच्याबद्दल तुझी स्तुती असो.

तू दिलेली सहचारिणी.

सालोमी त्या तीन शब्दांसाठी दिवसभर जगे. भाकरी थापताना, धुणे बडवताना, मंडळीच्या पोरांची नाके पुसताना, कुठेतरी आत तिला ठाऊक असे की सांजेनंतर ते शब्द येणार आहेत. येत. ती डोळे मिटून, मान खाली घालून ते ऐके; आणि आमेन झाले की उठून भाकरी वाढे. तोवर पाळकसाहेब पुन्हा चिल्लरीवर आलेले असत. "मीठ."

तिला फार वाटे, एकदा हे शब्द ह्यांनी मंडळीपुढे म्हणावेत. भर मंदिरात, सगळ्यांच्या कानांवर पडतील असे. ह्यात पाप आहे की काय म्हणून तिने तेही कधी देवाला सांगितले नाही. पण मंदिरातल्या प्रार्थनेत ते शब्द कधी आले नाहीत. तिथे पाऊस होता, सरकार होते, सगळे जग होते. ती नव्हती.

ज्येष्ठातल्या एका सकाळी, आंघोळ करून ओसरीवर येता येता, पाळकसाहेब भिंतीला धरून खाली बसले. उजवे अंग गेले. हात गेला, पाय गेला, ओठाचा कोपरा खाली ओघळला. आणि शब्द गेले.

सगळे गेले नाहीत. हीच तर गंमत, आणि हीच शिक्षा.

चहा गेला. चष्मा गेला. दार, मीठ, पाणी, हो, नाही, सगळी चिल्लर सांडून गेली. राहिली ती मोठी मोठी, चांदीची, कोरीव भांडी. ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडले त्या दिवशी सालोमी धावत गेली, आणि तिने ऐकले: "हे परमदयाळू, परमपवित्र पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरे…" स्वच्छ, मंद्र, एकही अक्षर न अडखळता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला समजावले. "बाई, रोजचं बोलणं डोक्यात एका जागी असतं. ती जागा गेली. वर्षानुवर्षं घोकलेलं दुसरीकडे असतं, ते शाबूत आहे. त्यांना म्हणायचंय वेगळंच, पण तोंडात येतं तेच."

सालोमीने मान हलवली आणि त्यांना घरी आणले. लेक सांगलीहून आली, होईल तेवढे राहिली, तिच्या घरी परतली. मग चटई, खाट, पिवळा दिवा, आणि ती दोघे.

शिकायला वेळ लागला. शब्दांकडे पाहून काही कळत नव्हते. ते कुठलेही असत. अर्थ सुरात होता. आवाज घाईने चढला की लघवीचे भांडे द्यायचे. लांबट, ओला, ओघळता आला की पाणी. मध्येच तुटला की कूस बदलायची. करुणासागरा म्हणता म्हणता दात चावले गेले तर पाठीखाली चुरगळलेले फडके आहे, ते काढायचे. माणूस देवाची आळवणी करीत होता आणि बायको त्याच्या पाठीखालचे फडके काढत होती.

आणि तिला बोलवायचे असले की ते म्हणत, तू दिलेली सहचारिणी.

सकाळी म्हणत. दुपारी म्हणत. ती चुलीपुढे असली की म्हणत, मोरीत असली की म्हणत, नुकती कुठे अंग टेकवलेली असली की हमखास म्हणत. ज्या शब्दांसाठी ती दिवसदिवसभर थांबे, ते आता दिवसभर घरात हिंडू लागले. कधी माशीसाठी, कधी उशीसाठी, बहुतेक वेळा भांड्यासाठी. सणावारी नेसायचे पातळ रोज नेसून नेसून पोतेऱ्याला यावे, तसे झाले त्या शब्दांचे. तिचा पाळकसाहेबांवर राग नव्हता. पण कधी कधी, भांडे धुऊन उपडे घालताना, तिला रडू येई.

थकली होती सालोमी. गुडघ्यांत थकली होती, मनगटांत थकली होती, पापण्यांत थकली होती. तिचा थकवा झोपेने जाणारा नव्हता, कारण झोपेतही तिचे कान जागे असत.

आणि मग मंडळी यायला लागली.

त्यांचे काय चुकले? पाळकसाहेबांचा सगळा संसारी शब्द सुटला आणि फक्त प्रार्थना उरली, हे त्यांनी ऐकले. आणि ह्या वस्तीत असल्या गोष्टीचा एकच अर्थ होऊ शकतो. देह जमिनीवर आहे पण जीव सिंहासनापाशी पोचला. आता त्यांच्या मुखी दुसरे काही येणारच कसे? मग आजारी पोराला घेऊन कुणी आले. नोकरीचा कागद घेऊन कुणी आले. नारळ आणले, केळी आणली, खाटेभोवती चटईवर गोळा होऊन बसले. पाळकसाहेब व्याकूळ होऊन इकडे तिकडे पाहत, ओठ हलवीत. आणि तो मंद्र स्वर उठे.

हे परमदयाळू पित्या.

सर्र करून पदर डोक्यांवर येत. टोप्या निघत. माना खाली जात, डोळे मिटत. सगळ्यांचे, एकदम, जन्मभराच्या सवयीने. आणि त्या मिटल्या चेहऱ्यांच्या रिंगणात एक म्हातारा माणूस पाणी मागत राही.

तो जितका तळमळे, तितकी मंडळी सद्गदित होई. तो डावा हात उचलून तांब्याकडे दाखवी, पण हात पाहायला डोळे कुणाचे उघडे होते? शेवटी थकून तो थांबे. मंडळी आमेन म्हणे, डोळे पुशी आणि समाधानाने घरी जाई. मग सालोमी पाळकसाहेबांना पाणी पाजी. कधी तोवर उशीर झालेला असे, आणि चादर बदलावी लागे.

"रिबका," तिने एकदा शेजारणीला धरून सांगितले, "अगं, ते प्रार्थना न्हाई करत. त्यांना लघवीला व्हायचं आसतं."

रिबकाबाईने तिच्याकडे फार मायेने पाहिले. "पाळकीणबाई, तुमी लई दमल्यात," ती म्हणाली. "दमलं म्हंजी मानूस आसंच बोलतंय. जरा पडा. म्या बसते त्यांच्यापाशी, डोळं मिटून."

दुसऱ्यांना तरी काय म्हणावे? श्रावणातल्या एका दुपारी सालोमी खाटेशेजारी लसूण सोलत होती. तो स्वर उठला आणि तिचे डोळे मिटले. तिने मिटले नाहीत, ते मिटले. लहानपणापासून त्या शब्दांपुढे मिटत आलेल्या पापण्या, त्यांना डॉक्टरांचे काय कळणार? स्वर चढत गेला, चढत गेला, हुंदक्यासारखा फुटला, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. सवयीने आमेन म्हणून तिने पाहिले, तर त्यांची लुळी पडलेली उजवी बोटे खाटेच्या पट्टीत अडकली होती. निळी झाली होती. पाळकसाहेब तिच्याकडे बघत होते. उघड्या, ओल्या, हताश डोळ्यांनी बघत होते, आणि किती वेळ बघत असावेत कोण जाणे.

तिने ती बोटे सोडवली, तोंडात धरली, तेल लावले.

त्या दिवसापासून तिने डोळे उघडे ठेवायचे ठरवले. वाटते तितके ते सोपे नव्हते. ते शब्द कानी आले की पापण्या जड होत, मान आपोआप झुके. आणि डोळे उघडे ठेवून ऐकताना तिला चोरी केल्यासारखे वाटे. सगळ्या आयुष्यात तिने ह्या माणसाचा प्रार्थनेतला चेहरा पाहिला नव्हता. आता पाहिला. भुवया वर गेलेल्या, कपाळावर शीर उभी, डोळे सताड उघडे, समोरच्या माणसावर खिळलेले. आणि तिच्या मनात एक प्रश्न शिरला तो निघेना. तेव्हा, पिवळ्या दिव्याखाली, ते तिच्याबद्दल स्तुती म्हणत असत तेव्हा, ह्यांचे डोळे मिटलेले होते की उघडे? ती मान खाली घालून बसलेली असताना हे तिच्याकडे बघत होते काय? आता हे कुणाला विचारायचे? एकीने पाहिले नव्हते आणि एकाला सांगता येत नव्हते.

शेते कापली गेली. उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला. हंगामाचे पहिले पीक मंदिरात आणून देवाचे आभार मानायचा हा दिवस; वस्तीत दिवाळीइतकाच मोठा.

साळवे पाळक सांगायला आले. तरुण, हळुवार, दाढी कोरलेला माणूस. "आई," ते म्हणाले, "ह्या वर्षीची उपकारस्तुतीची प्रार्थना पाळकसाहेबांनी करावी, असं सगळ्या मंडळीचं म्हणणं आहे. चाकाची खुर्ची आहेच. आम्ही घेऊन जाऊ. पुन्हा असा योग येतो न येतो."

सालोमी नाही म्हणणार होती. तोंडावर आले होते. एवढा वेळ खुर्चीत बसणे ह्यांना झेपणार नाही, कळ काढणे जमणार नाही, आणि हे काय मागताहेत ते तिथे कुणाला कळणार नाही. सगळे तिला दिसत होते. पण नाही म्हणायला जे बळ लागते ते तिच्यापाशी उरले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, थकव्याच्याही खाली एक जुनी, लाजरी, हावरी भूक होती. मंडळीपुढे. भर मंदिरात. ह्या तोंडातून आता ते शब्द दर घटकेला निघतातच, तिथेही निघतील.

"न्या," ती म्हणाली.

रविवारी तिने त्यांना न्हाऊ घातले, दाढी केली, शुभ्र कोट चढवला. रिकाम्या बाहीतून हात ओढताना कोट आता किती ढगळ झालाय ते तिला कळले. पिशवीत एक जुने धोतर आणि पाण्याची बाटली टाकून तिने स्वतःच खुर्ची ढकलली. दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही.

मंदिर भरले होते, फुलले होते, दरवळले होते. खांबाखांबाला ऊस बांधलेले. वेदीपुढे बाजरीच्या कणसांच्या राशी, भोपळे, वांगी, भुईमुगाच्या शेंगा, अंड्यांच्या टोपल्या, पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा. काळ्या दगडांच्या गारव्यात मातीचा, गुळाचा, झेंडूचा वास. उंच खिडक्यांमधून ऊन तिरपे येत होते, धुळीने भरलेले, सोनेरी. साळवे पाळकांचा उपदेश लांबला. गाणी लांबली. सालोमीचे लक्ष ना उपदेशात ना गाण्यात. ती डाव्या हाताची बोटे पाहत होती. ती बोटे खुर्चीच्या दांडीवर केव्हाची वळवळत होती.

"आता आपले पाळकसाहेब," साळवे म्हणाले, "आपल्याला प्रार्थनेत चालवतील."

पाळकसाहेबांनी मान वर केली. एवढी माणसे पाहून त्यांचे ओठ थरथरले. आणि तो स्वर उठला. आजारी देहातून, ढगळ कोटातून, छतापर्यंत गेला.

हे परमदयाळू, परमपवित्र, करुणासागर पित्या.

पदर आले, टोप्या निघाल्या, माना वाकल्या. सगळे मंदिर एका श्वासात मिटले. उघडे राहिले फक्त दोघांचे डोळे.

आम्ही तुझी अपात्र लेकरे, तुझ्या चरणांशी लीन होऊन, तुझ्या अनंत उपकारांसाठी, हे कृपावंता, हे कनवाळू, हे जीवनदात्या. आवाज चढत होता. घाईने चढत होता. बायकांचे हुंदके सुरू झाले. मागच्या बाकावर कुणीतरी आभार, आभार असे पुटपुटले. सालोमीला कळत होते. आधीच कळले होते. शीर उभी होती, बोटे दांडी ओरबाडत होती, आणि ते तिच्याकडे, फक्त तिच्याकडे पाहत होते.

"तू दिलेली सहचारिणी!" पाळकसाहेब म्हणाले.

भर मंदिरात. सगळ्यांच्या कानांवर पडेल असे. शेजारी रिबकाबाईने हुंदका देऊन सालोमीचा हात दाबला, डोळे मिटूनच. "तू दिलेली सहचारिणी, तू दिलेली सहचारिणी…" स्वर फुटला, कातर झाला, आर्त झाला. आणि मंडळी त्या आर्ततेत भिजून गेली. म्हाताऱ्या पाळकाने मरणाच्या दारात बायकोचे नाव देवापुढे ठेवले, असे लोक पुढे नातवंडांना सांगणार होते.

खुर्चीखाली फरशीवर ओल पसरत होती.

एक क्षण सालोमी तशीच बसली. हे लपवण्यात अर्थ नाही; ती बसली. जन्मभर जे ऐकायचे होते ते ऐकू येत होते, गावासमक्ष, पुन्हा पुन्हा. ती तशीच बसून राहिली असती तर काय बिघडले असते? प्रार्थना पुरी झाली असती, आमेन झाले असते. मग डोळे उघडले असते. सगळ्यांचे, एकदम. आणि पहिली गोष्ट दिसली असती ती ही ओल.

पाळकसाहेबांनी खाली पाहिले. मग तिच्याकडे पाहिले. त्यांचा आवाज बंद झाला.

आता कुठल्याही घटकेला कुणीतरी आमेन म्हणणार होते.

सालोमी उठली. प्रार्थनेच्या मध्ये कुणी उठत नाही. बाक कुरकुरला, मंदिरभर ऐकू गेला. "कुनी डोळं उघडू नका," ती म्हणाली. आवाज तिचा रोजचाच होता, नळावरचा, चुलीपुढचा. "प्रार्थना व्हायची हाये अजून. मी सांगते तोवर मिटूनच ऱ्हावा सगळे. लेकरांनू, तुमी बी."

कुणी उघडले नाहीत. साळवे पाळकांच्या पापण्या फडफडल्या, एकदा, दोनदा, आणि घट्ट झाल्या. तेवढ्यात त्यांना काही उमगले असावे, कारण त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले.

सालोमीने अंगावरची शाल काढून पाळकसाहेबांच्या मांडीवर पसरली. पिशवीतले धोतर काढले, गुडघे दुखत असताना खाली बसली, फरशी पुसली. कोपऱ्यांपर्यंत, चाकांखालपर्यंत, कोरडी होईपर्यंत. एवढ्या माणसांत एका फडक्याचाच आवाज होता. मग तिने खुर्ची वळवली.

मधल्या वाटेने ती त्यांना घेऊन निघाली. दोन्ही बाजूंना मिटलेले चेहरे. रापलेले, सुरकुतलेले, कोवळे, ओले. नाकावर माशी बसली तरी न हललेले. ज्या मिटल्या डोळ्यांनी ह्या माणसाला एवढे महिने तहानलेले ठेवले, तेच आता त्याच्या अंगावर पांघरुणासारखे होते. चाक कुरकुरत होते. पाळकसाहेब इकडून तिकडे पाहत होते, एकेका ओळखीच्या चेहऱ्याकडे, निवांत. आणि त्यांना कुणीही पाहत नव्हते.

बाजूच्या दाराला पायरी नव्हती. खुर्ची सुखाने बाहेर आली.

मंदिरामागे चिंचेच्या सावलीत हापसा होता. सालोमीने दांडा मारला, पाणी काढले. पाय धुतले, मांड्या धुतल्या, धुतलेले कोरडे केले, शाल नीट गुंडाळली, ओला कपडा पिळून फांदीवर टाकला. बाटलीतले पाणी पाजले. ते घटाघटा प्यायले. हनुवटीवरून ओघळलेले तिने पदराने टिपले. मग ती हापशाच्या ओट्यावर बसली. इतकी थकली होती की थकव्याचेही काही वाटेना.

"तू दिलेली सहचारिणी," पाळकसाहेब म्हणाले.

ती उठायला लागली. "आजून पानी?"

त्यांनी मान हलवली. नको.

"ऊन लागतंय का?" नाही. "पाठीत काय रुततंय? घरी जायचं?" नाही. नाही. तिने खुर्चीमागे हात घालून पाहिले, शाल चाचपली, बोटे पाहिली, माशी बघितली. अंग कोरडे होते. तहान भागली होती. सावली होती. मागण्यासारखे काही उरले नव्हते.

"तू दिलेली सहचारिणी," ते पुन्हा म्हणाले.

हळू. चढ नाही, घाई नाही, तुटणे नाही. डोळे उघडे, तिच्यावर.

सालोमी पुन्हा ओट्यावर टेकली. ओले हात तिने मांडीवर ठेवले आणि ती बघत राहिली, त्यांच्याकडे, डोळे न मिटता. फांदीवरचे धोतर थेंब थेंब गळत होते. आत तांबडा कोंबडा एकदा ओरडला, आणि गप्प झाला. राशीतले एखादे कणीस घसरले, आणि थांबले. सगळी मंडळी मान खाली घालून, हात जोडून, डोळे मिटून, कुणीतरी आमेन म्हणेल म्हणून बसली होती. बाहेर चिंचेखाली कुणाला घाई नव्हती.